फ्रॅक्टल आणि फाटा

'फ्रॅक्टल' हा शब्द गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो यांनी १९७५ साली घडवला, तो लॅटिन 'फ्रॅक्टस' म्हणजे मोडलेले, तुटलेले यावरून. अपूर्णांकाचे इंग्रजी नाव 'फ्रॅक्शन' त्याच कुळातले. हे नाते वरवरचे नाही, कारण लहान भागात मोठ्याचीच घडण पुन्हा दाखवणाऱ्या फ्रॅक्टल आकृत्यांची मिती बहुधा अपूर्णांकात येते. कॉखचा वक्र या फ्रॅक्टलाची मिती सुमारे १.२६ आहे, म्हणजे रेषेहून जास्त आणि पृष्ठभागाहून कमी. तरीही केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात निसर्गातल्या फ्रॅक्टलांचे प्रदर्शन मांडायचे, तर फलकावर 'फाटा' हा शब्द आधी हवा, असे माझे ठाम मत आहे. तो 'फाटणे'वरूनच आला, म्हणजे तुटण्याचा अर्थ त्यातही आहे. शिवाय रस्त्याला, ओढ्याला, झाडाला तो एकसारखा लागतो. लिंबाची डहाळी हाती घ्या: खोडाला फांदी फुटते तशी फांदीला डहाळी, आणि पानातल्या शिरेला उपशीर. मांजरा नदीला मिळणारे ओढे नकाशावर असेच दिसतात.

यावर आक्षेप येईल की प्रत्येक फाटा म्हणजे फ्रॅक्टल नव्हे. खरेच आहे; लहान तुकड्यात मोठ्याचीच घडण पुन्हा दिसली पाहिजे. गणितात ती अनंतापर्यंत चालते, झाडात मात्र चार-सहा पायऱ्यांत संपते. म्हणून 'फ्रॅक्टल' हे नाव बदलू नये. पण मुलाने भिंग घेऊन पानाच्या शिरा पाहाव्यात आणि 'फाट्याला पुन्हा फाटा' असे स्वतः म्हणावे. व्याख्या त्यानंतर सांगावी.