नाडी धरायची कुणी?

दसरा झाला की सोनपेठातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसायला लागतात. वर कोपीचं सामान, ज्वारीचं पोतं, भांडी, लेकरं, एखादी शेळी. आपला तालुका बीड जिल्ह्याला खेटून आहे. परळी-माजलगावकडं जे होतं ते इकडंही होतं. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खाऊन झालेली असते, आता ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता व्हायचं आणि ऊस गाठायचा.

माझ्या चुलतीची पिशवी काढली तेव्हा ती पस्तिशीच्या आतली होती. पांढरं जात होतं, कंबर दुखत होती. दवाखाना खाजगी होता. डॉक्टर म्हनला, आज नाही काढली तर उद्या कॅन्सर होईल. पैसे मुकादमाकडून घेतले, म्हणजे उचलीवर आणखी उचल. त्या हंगामात टाके पुरते सुकले नव्हते तरी ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढत होती. हे मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, "हे वाईटच झालं. पण हा बायांचा प्रश्न आहे. आपल्या चळवळीच्या इतिहासात हे कुठं बसतं?"

पोरगा चांगला आहे, वाचणारा आहे. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला पाहिजे.

१९२७ साल आपल्याला तोंडपाठ आहे. मार्चमध्ये महाडला चवदार तळं, डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन. त्यानंतर दोन वर्षांनी, १२ डिसेंबर १९२९ ला, गांधींच्या 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापलं गेलं. पुढं बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत ते उतरवून घेतलं. शिक्षकाची बायको नुकतीच बाळंत झालेली. तिला जुलाब, छातीला सूज, श्वास लागत नाही. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठाच्या मिनतवाऱ्या केल्या, दोन रुपये फी कबूल केली, तेव्हा तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणून ठेवायच्या अटीवर. आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. त्याच उतरंडीनं ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टर म्हणाला, न्युमोनिया. औषध पाठवलं, पुन्हा मात्र आला नाही. बाई मेली.

तळ्यावर पाण्याला आपला स्पर्श नको होता. इथं डॉक्टरला रोग ओळखायचा होता, पण नाडी धरायची नव्हती. हा माणूस अडाणी भट नव्हता, इंग्रजी वैद्यकी शिकलेला होता. शिक्षणानं जात जाते असं मानणाऱ्यांनी हे पत्र एकदा वाचावं.

याच्या आधीचाही इतिहास आहे. १४ जून १८०२ ला मुंबईत देवीची पहिली लस टोचली गेली, तीन वर्षांच्या एका मुलीला. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. एका लेकराच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात घालायचा. मग जिथं तिथं एकच ओरड : अस्पृश्याच्या पोराच्या दंडातलं आमच्या पोराच्या अंगात नको! म्हणजे शास्त्राला आपल्या लेकरांचे दंड चालत होते, समाजाला चालत नव्हते. आणि कॉलरा आला की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून न्यायचं काम कुणाकडं होतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. गावाचा रोग गावाबाहेर नेऊन टाकायचा तो आपणच, आणि राहायचंही शिवेलाच.

१८९७ साली प्लेग पेटला होता. जानेवारीत हाफकिननं मुंबईत आपली प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली. मार्चमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महार वस्तीतला पांडुरंग गायकवाड हा प्लेगचा पोरगा पाठीवर घेतला आणि हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात नेला. त्यातच त्यांना लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या. आपण जयंतीला हार घालतो तो शाळेच्या सावित्रीमाईला. दवाखान्याची सावित्रीमाई आपण एका ओळीत उरकतो. थर्मामीटर हातोहात फिरवणारा तो डॉक्टर अजून बत्तीस वर्षं पुढं होता, आणि माईंनी पोर सरळ पाठीला बांधलं होतं.

त्याच १८९७ च्या ऑगस्टात आपल्या निजामी मुलखात, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्यासाठी हुसेन खान नावाच्या एका रोग्याला डासांकडून चावून घेतलं. दर डासामागं एक आणा. रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. हुसेन खानाचं काय झालं, कुणी विचारलं नाही. जगाच्या वैद्यकीत गरिबाचं अंग असं कामाला येतं. औषध मात्र ज्याच्या गाठीला पैसा त्याच्याकडं आधी पोचतं.

आता कायद्याकडं. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधान परिषदेत बाळंतपणाच्या भरपगारी रजेचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा बराचसा भार सरकारनं उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला. पण तो गिरणी-कारखान्यातल्या बाईपुरता. पुढं ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली, तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. त्यात हंगामी कारखाने वगळले होते. आणि हंगामी कोणते, तर त्या यादीत साखरही होती, गूळसुद्धा! कारखान्याच्या आतला माणूसच जिथं सुटला तिथं फडातल्या बाईचं नाव कोण घेणार? ती कारखान्याची कामगार नाही, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला माणूस. खाडा पडला की मात्र पैसे कापायला मालक सापडतो. दिवसाला ५०० रुपयांपर्यंत कापल्याच्या तक्रारी २०१९ साली बायांनी उघड केल्या. पाळीच्या चार दिवसांत फडात आडोसा नाही, पाणी नाही, खाडा परवडत नाही. मग पिशवीच नको, असं बाईलाच वाटायला लागतं. डॉक्टरचा धंदा याच्यावर उभा आहे.

त्या साली ओरड झाली तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा. सगळ्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन पाहण्यांतली वयं तंतोतंत जुळत नसतील, तरी एवढी दरी वयानं भरून निघत नाही. या बाया सगळ्याच आपल्या नाहीत. वंजारी आहेत, धनगर आहेत, बंजारा आहेत, मराठाही आहेत. हे लपवायचं कारण नाही. ज्यांच्याकडं जमीन नाही, असली तर पाणी नाही, त्यांच्या रांगेत आपण आधीपासून आणि गर्दीनं उभे आहोत, एवढंच.

२०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागानं एक आकडा छापला. भारतात दलित बाई सरासरी ३९.५ व्या वर्षी मरते, वरच्या जातीची ५४.१ व्या. हे आयुर्मान नव्हे, मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे. भाषणात फेकताना हा फरक सांभाळा, नाहीतर समोरचा तेवढाच धरून बसेल. पण साडेचौदा वर्षं म्हणजे काय? पोरीचं लग्न, नातवंडाचं तोंड, हे सगळं त्यातच असतं.

जगात कागद काही कमी झाले नाहीत. १९४६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत लिहिलं गेलं की उत्तम आरोग्य हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क. वंश, धर्म, आर्थिक स्थिती काही आड येऊ नये. जात हा शब्द त्यात नव्हता. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा आटाला देशोदेशीचे लोक जमले आणि २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य, असा जाहीरनामा निघाला. त्याच्या महिना-दीड महिना आधी आपल्या मराठवाड्यात काय चाललं होतं? २७ जुलैला नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे त्याच ऑगस्टात मारले गेले. अल्मा आटाला आरोग्यातली विषमता मान्य झाली तेव्हा इथं माणसं अंगावरच्या कपड्यानिशी पळत होती. पुढच्याच वर्षी इटलीत मोठ्या देणगीदारांनी ठरवलं की एवढं सगळं परवडत नाही, निवडक रोगांपुरतं बघू. २००० साल येऊन गेलंही.

अल्मा आटाच्या आधी आठ वर्षं, १९७० पासून, बीडच्या शिवेवर जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेगळं करून दाखवलं होतं. गावातल्या बाया, त्यात आपल्याही, न शिकलेल्या, त्यांनाच आरोग्यसेविका केलं. बोअर घ्यायची तर ती दलित वस्तीत. पाणी पाहिजे असेल तर गावानं तिथं यावं! ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिनं सवर्णांच्या घरात बाळंतपणं केली. काही जण म्हणतील ही मिशनरी कामं. म्हणू द्या. नाडी धरायचा प्रश्न तिथं उलटा सुटला, आपल्या हातानं त्यांची नाडी धरली.

आपल्या घटनेत कलम ४७ आहे. लोकांचं पोषण आणि आरोग्य सुधारणं हे राज्याचं आद्य कर्तव्य. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. कोर्टात मागता येत नाही. १९९२ साली बंगालात रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. त्याच्यासाठी पश्चिम बंग खेत मजदूर समिती सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ ला निकाल लागला : तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ मधला जगण्याचा हक्क मोडणं. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. बैठकीतल्या पोरासाठी सांगतो, तो हक्क डॉक्टरांनी मिळवला नाही, वकिलांच्या मनातूनही उगवला नाही. मजुरांची संघटना आपल्या माणसाच्या मागं उभी राहिली म्हणून तो कागदावर आला.

चुलतीला मी विचारलं, दवाखान्याचा काही कागद? तिनं पेटी उघडली. लग्नपत्रिका, रेशनकार्ड, मेडिकलवाल्याची एक पुसट पावती. ऑपरेशनचा कागद नाही, पिशवी तपासायला पाठवली होती का याचा कागद नाही. कॅन्सर होता की नव्हता हे आता कुणीच सांगू शकत नाही. ट्रॅक्टर निघायच्या आधी वस्तीतल्या बायांची यादी करायची ठरलंय : वय, कोणत्या साली काढली, किती पैसे, कागद आहे का. तो पोरगा वही घेऊन येणार आहे. चुलती म्हनली, "माझं पहिलं लिव्ह. पर त्याला म्हनावं, मान खाली घालून लिहायचं न्हाई."