गुरांमागे गेलेली शाळा

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी हे गाव लागते. खानापूर तालुक्यातील या डोंगराळ गावी मलप्रभा उगम पावते व सुमारे तीनशे किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावरील अशा गावांत शिक्षणापुढची एक अडचण पिढ्यान् पिढ्या चालत आली. शाळा भरण्याची वेळ आणि गुरे रानात नेण्याची वेळ एकच. वडीलधारी माणसे शेतात. मग गुरांमागे जायचे कोणी? अर्थात मुलाने. पटावर नाव राही, गैरहजेरीच्या खुणा वाढत जात आणि एके दिवशी ते नावही कमी होई.

अशा मुलाला ‘शिक्षणाची आवड नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. दोन मराठी शिक्षिकांनी तो सोपा मार्ग नाकारला. कणकुंबीपासून बऱ्याच दूर, पण याच सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडे, डहाणू भागात त्यांनी जे केले ते डोंगरातील प्रत्येक शाळेने जाणून घ्यावे असे आहे.

त्यांतील थोरल्या ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ सालचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले व १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया माँटेसरी यांची पद्धती त्यांनी अभ्यासली होती. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत निघाले. परंतु आपल्याकडे ती पद्धती महाग साहित्यामुळे सुखवस्तू घरांपुरती राहिली. ही विसंगती ताराबाईंना सलत होती.

म्हणून १९४५ साली त्यांनी बोर्डी या खेड्यात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. बालपणीच विवाह आणि थोड्याच दिवसांत वैधव्य, अशा मुलीचे शिक्षण त्या काळी तेथेच संपायचे. पण त्या शिकल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. वाटेतच गळून पडणाऱ्या मुलांविषयी त्यांना पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

बोर्डीत बालमंदिर उघडले, तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा या शिक्षिकाच वस्तीत गेल्या. घरापुढच्या अंगणात मुलांना जमवले, आंघोळी घातल्या, गाणी म्हटली, खेळ मांडले. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हेच साहित्य झाले. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवताली वारल्यांचे पाडे. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी १९४५ साली केलेला उठाव अजून ताजा होता. या घरांत प्रत्येक हाताला काम होते, मुलांच्या हातांनाही. धाकटी भावंडे सांभाळायची म्हणून थोरली मुलगी शाळेत येत नसे. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. धाकट्याची सोय लागली की थोरलीचे हात पाटीसाठी मोकळे होत.

राहिला गुराखी. त्याच्यासाठी निघाली कुरणशाळा. गुरे चरत असता शिक्षक साहित्य घेऊन कुरणावर जात. झाडाखाली धडा चाले. दगड मोजून अंकगणित शिकवता येई आणि पाखरे, झाडे, ओढे यांतून निसर्गाचा पाठ. घरचे काम बुडाले नाही, म्हणून बापाचा विरोध नाही; आणि आपण जे करतो त्यात कमीपणा नाही हे कळल्याने मुलाचा संकोच नाही.

शुभवर्तमानातील मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघतो. कोसबाडच्या शिक्षिकांनी हा दृष्टांत वेळापत्रकात उतरवला, असे म्हणता येईल. दया दाखवून त्या थांबल्या नाहीत; शाळेची जागा, वेळ आणि साधने त्यांनी बदलली. सर्वांत अवघड काम तेच, कारण मुलाला दोष देण्यास काही खर्च येत नाही, शाळा बदलण्यास मात्र शिक्षकाला उन्हात चालावे लागते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ साली देह ठेवला. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. पण कायदा फार तर शाळेचे दार उघडे ठेवील. त्या दारापर्यंत न आलेल्या मुलाच्या मागे रानात जाणे हे अखेर शिक्षकाचेच काम. कणकुंबी असो वा कोसबाड, पटावरचे एखादे नाव खोडण्यापूर्वी ते मूल या वेळी कोठे असेल, एवढे ज्याने विचारले, त्याने अध्यापनास प्रारंभ केला असे समजावे.