हॉर्मोन संकल्पनेचा इतिहास

ज्या ग्रंथींना वाहिनी नसते व ज्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो, त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. अवटू, अधिवृक्क व पोष या ग्रंथींचा त्यांत समावेश होतो. त्यांच्या स्रावांतील क्रियाशील पदार्थांना हॉर्मोने अशी संज्ञा आहे. यांपैकी बहुतेक ग्रंथी शारीरविज्ञांना पूर्वीपासून परिचित होत्या. त्यांचे कार्य मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उलगडले नव्हते. शरीरातील दूरच्या अवयवांत सुसूत्रता राखण्याचे काम तंत्रिका तंत्रच करते, असा समज त्या काळी प्रबळ होता.

या समजाला पहिला धक्का गटिंगेन येथील आर्नोल्ट बेर्टोल्ट यांच्या १८४९ मधील प्रयोगांनी दिला. वृषणे काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटतो व त्यांची झुंजार वृत्ती नाहीशी होते. परंतु काढलेले वृषण उदरगुहेत अन्यत्र रोपल्यास ही लक्षणे उद्‌भवत नाहीत, असे त्यांना आढळले. रोपित वृषणाच्या मूळच्या तंत्रिका तुटलेल्या होत्या. त्यात नव्या रक्तवाहिन्या मात्र वाढल्या होत्या. त्यावरून वृषणाचा प्रभाव रक्तामार्फत पडतो, असे अनुमान त्यांनी काढले. त्याकडे सुमारे पन्नास वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८५५ मध्ये लंडनचे टॉमस ॲडिसन यांनी अधिवृक्क ग्रंथींच्या विकृतीमुळे होणाऱ्या घातक रोगाचे वर्णन केले.

१८८९ मध्ये शार्ल ब्राउन-सेकार यांनी वयाच्या ७२ व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला व आपणास तारुण्याचा जोम परत मिळाल्याचे जाहीर केले. अशा जलीय अर्कात हॉर्मोनाचे प्रमाण नगण्य असते. त्यामुळे त्यांचा अनुभव मानसिक स्वरूपाचा असावा. तथापि दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, न्यूकॅसलचे जॉर्ज मरी यांनी अवटू ग्रंथीच्या न्यूनतेने सुजलेल्या व मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या स्त्रीस मेंढीच्या अवटूचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि हा उपचार चालू ठेवून आणखी २८ वर्षे जगली. उणा पडलेला स्राव बाहेरून पुरविता येतो, हे यामुळे सिद्ध झाले.

संकल्पनेला निश्चित रूप विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लंडन येथे दिले. कुत्र्याच्या लघ्वांत्राच्या एका भागाच्या तंत्रिका तोडून त्यात त्यांनी अम्ल घातले. तरीही अग्निपिंडातून पाचक रस स्रवू लागला. त्या भागाच्या श्लेष्मकलेचा अम्लयुक्त अर्क रक्तात टोचल्यावरही तसेच घडले. त्यातील पदार्थास ‘सिक्रिटीन’ असे नाव देण्यात आले. अशा रासायनिक दूतांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘उत्तेजित करणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘हॉर्मोन’ ही संज्ञा रूढ केली.

अग्निपिंड काढलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हे १८८९ मध्येच माहीत झाले होते. टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये त्या ग्रंथीपासून इन्शुलीनयुक्त अर्क मिळविला. जानेवारी १९२२ मध्ये तो एका १४ वर्षांच्या मधुमेही मुलास टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध असल्याने फारसा उपयोगी पडला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने मात्र रक्तशर्करा झपाट्याने उतरली. तोवर असाध्य मानलेल्या या रोगात रुग्णाला आयुष्य लाभू लागले.

पुढील प्रश्न होता तो या स्रावांच्या नियमनाचा. पोष ग्रंथीचे एक हॉर्मोन अवटूस उत्तेजन देते. रक्तात अवटूचे हॉर्मोन वाढले की पोष ग्रंथीचा तो स्राव घटतो. यास ऋण पुनःप्रदाय म्हणतात. पोष ग्रंथीवर मेंदूच्या अधोथॅलॅमस या भागाचे नियंत्रण असते व तेही रक्तातून येणाऱ्या हॉर्मोनांद्वारे चालते, असे जेफ्री हॅरिस यांनी दाखविले. अशी हॉर्मोने वेगळी केल्याबद्दल रॉजर गीमॅं व अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला. तंत्रिका तंत्र व अंतःस्रावी ग्रंथी ही परस्परांवर अवलंबून असलेली एकच व्यवस्था असल्याचे यावरून स्पष्ट झाले.

या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. दीर्घकाळ कॉर्टिसोनसदृश औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या पोष ग्रंथीचे उत्तेजन थांबते व त्याच्या अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय होतात. औषध एकाएकी बंद केल्यास त्या तत्काळ कार्यरत होऊ शकत नाहीत आणि जीवास धोका संभवतो. म्हणून अशा औषधाची मात्रा वैद्याच्या देखरेखीखाली क्रमाक्रमानेच कमी करावी लागते.