कागदावरील जिना

मुंबई-आग्रा मार्गानें धुळें सोडून उत्तरेकडे सुमारें वीस किलोमीटर गेलें म्हणजे टेकडीवरचा पडका किल्ला दिसूं लागतो आणि त्याच्या पायथ्याशीं सोनगीर लागतें. तांब्यापितळेच्या भांड्यांकरितां हें गांव खानदेशांत पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. येथील कारागीर घराण्यांविषयीं तरुणपणीं मीं कांहीं टिपणें जमविलीं होतीं. १९९८ सालीं तीं छापून काढतांना जी अडचण उभी राहिली, तिचा इतिहास पुढें मला त्या टिपणांइतकाच विचार करण्यासारखा वाटूं लागला. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा एक चुलतभाऊ तेव्हां अभियांत्रिकी शिकत होता. त्याच्या संगणकावर लिनक्स होतें. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नामक विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्याचा गाभा रचला, तें हें लिनक्स जुन्या युनिक्स प्रणालीच्या वळणावर गेलेलें आहे. परीक्षा पाहण्यासाठीं आम्हीं प्रथम भांड्यांची एक इंग्रजी यादी छापावयास दिली. पहिली ओळ ठीक उमटली. दुसरी मात्र पहिली जेथें संपली तेथूनच, एक पायरी खालीं, सुरू झाली. तिसरी तिच्याहि उजवीकडे. आणि चार-पांच ओळींत सारा मजकूर कागदाबाहेर निघून गेला. चुलतभावास हंसूं आवरेना. या दोषास जाणत्या मंडळींत ‘जिना’ असेंच नांव पडलें होतें!

कारण अगदीं साधें होतें. टाइपरायटरचा दांडा ओढला म्हणजे कागद एक ओळ वर सरकतो आणि गाडा मूळ जागीं परत येतो. तारायंत्रांच्या काळीं या दोन क्रियांस दोन निराळे अंक दिले गेले: खालीं उतरण्यास १० आणि डावीकडे परतण्यास १३. युनिक्सच्या कर्त्यांनीं काटकसर करून ओळीच्या शेवटीं केवळ १० ठेवला. यंत्रास हवें तें यंत्राशीं बोलणाऱ्या मध्यस्थानें पुरवावें, असा त्यांचा हिशेब. या मध्यस्थासच ड्रायव्हर म्हणतात. आमचा मध्यस्थ १३ सांगावयास विसरत होता आणि प्रिंटर बिचारा आज्ञाधारक! प्रिंटरच्या पाठीमागील एक बारीक खटका फिरवून हें काम भागलें असतें, परंतु त्या खटक्यांची पुस्तिका विक्रेत्यानें दिलीच नव्हती. अखेर ‘प्रिंटकॅप’ नांवाच्या फाइलींत एक ओळ घालून, प्रत्येक दहापुढें तेरा जोडणारी गाळणी आम्हीं वाटेंत बसविली.

दुसऱ्या रात्रीं पडद्यावर, प्रिंटर पेटला आहे, अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य झळकलें. मी घाबरून वायर उपटावयास धांवलों. खरें पाहतां प्रिंटरकडून संगणकास मोजक्याच खुणा येतात: कागद संपला, यंत्र तयार आहे, कांहीं बिघडलें आहे. कागद आहे, यंत्र तयार आहे आणि तरीहि बिघाडाची खूण येते, तेव्हां आणखी काय म्हणावें, अशा विनोदानें कोणा प्रोग्रॅमरनें तें वाक्य घातलें होतें. आमची केबल सैल झाली होती, इतकेंच.

आतां युनिक्सला छपाई ही परकी बाब नव्हे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं तिचा जन्म झाला. आणि १९७१ सालीं तेथील पेटंट विभागाचे अर्ज टंकून देण्याच्या कामावरच तिनें आपलें पोट भरलें. जो ओसाना यांनीं १९७३ च्या सुमारास फोटो-अक्षरजुळणीच्या एका विशिष्ट यंत्राकरितां ट्रॉफ हा प्रोग्रॅम लिहिला. १९७७ सालीं ते वारले. प्रोग्रॅम त्या एकाच यंत्राशीं जखडलेला. तो कोणत्याहि यंत्रास चालेल असा करण्याचें काम ब्रायन कर्निघन यांनीं केलें. १९७९ सालीं प्रयोगशाळेनें लिनोट्रॉन २०२ हें नवें यंत्र घेतलें, तेव्हां त्याच्या अक्षरांची अंतर्गत रचना कारखानदार सांगेना. कर्निघन, केन टॉम्पसन आणि जो कॉंडन यांनीं तें आंतून उलगडून ती रचना स्वतःच शोधून काढली.

सर्वांनाच हें साधत नाहीं. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम-बुद्धि प्रयोगशाळेंत झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर आला. त्यांत कागद अडके आणि सर्वांचीं कामें खोळंबत. रिचर्ड स्टॉलमन यांनीं पूर्वींच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्यें, कागद अडकतांच वाट पाहणाऱ्यांस सूचना जावी, अशी सोय केली होती. नव्या यंत्राचा मूळ प्रोग्रॅम मात्र मिळेना. ज्या गृहस्थापाशीं तो होता, त्यानें गुप्ततेच्या कराराचें कारण सांगून नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमन यांनीं ग्नू योजना जाहीर केली, तिच्या मुळाशीं हा अपमानहि होता. कारागिरानें आपलें कसब झांकून ठेवणें आम्हां सोनगीरकरांस नवें नाहीं. परंतु भांडें विकल्यावर त्यास कल्हई कोणाकडून करावी, हें कोणताहि कासार सांगत नाहीं.

जिना मोडला, आग विझली. नागरीचा प्रश्न तसाच राहिला. आमच्या प्रिंटरच्या पोटांत सांचे होते ते रोमन अक्षरांचे. अंक ६५ पाठविला कीं तो ‘ए’ काढी; नागरीकरितां भारतांत ठरलेले इस्कीचे अंक पाठविले कीं युरोपीय स्वर आणि चौकटींच्या रेघा काढी. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें जिस्ट कार्डाच्या रूपानें यावर उपाय दिला होता, पण तें कार्ड आम्हांपाशीं नव्हतें.

येथें मला बाजारांतील नांव घालणारा आठवला. भांडें विकत घेतल्यावर चिठ्ठी दिली कीं तो बारीक छिन्नीनें ठिपके ठोकून नांव उमटवी. चिठ्ठी मोडींत असो वा गुजरातींत. त्यास ती वाचावी लागत नसे, आकार दिसला कीं पुरे. आमच्या प्रिंटरच्या डोक्यांत तशाच नऊ सुया होत्या! त्यास अक्षर न सांगतां ठिपकेच सांगितले तर? १८३१ सालीं गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत शिळाछापावर मराठी पंचांग काढलें, तेव्हां दगडासहि लिपि कळत नव्हती. ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनीं १९९१ सालीं डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् प्रणालीकरितां नागरी अक्षरें तयार केलीं होतीं आणि तीं कोणासहि मिळत. मजकूर रोमन लिपींत टंकावयाचा, टेक् त्याचीं नागरी पानें जुळवी, आणि घोस्टस्क्रिप्ट त्या पानांचे ठिपके पाडून प्रिंटरकडे धाडी. एका पानास कित्येक मिनिटें लागत. सुयांचा आवाज तांबटआळीची आठवण करून देई. तिसऱ्या पहांटे ‘घडवंची’ हा शब्द त्याच्या सर्व कानामात्र्यांसह कागदावर उतरला.

त्या टिपणांचा अर्धा भाग त्याआधीं दोन वर्षें एका विकतच्या मराठी प्रोग्रॅमवर उतरविलेला होता. त्याचे फॉन्ट आणि अंक त्याचेच. ते कशाचे काय, हें विकणारानें कोठें लिहून ठेवलें नाहीं. १९९८ ची फाइल आजहि साध्या अक्षरांत उघडते. आधींची उघडल्यास निरर्थक चिन्हें दिसतात. ज्या वृद्ध कासारानें ओतकामाची सारी रीत सांगितली, त्याची मुलाखत त्याच फाइलींत आहे; तो आतां हयात नाहीं. मजपाशीं तिची एकच छापील प्रत उरली आहे. फीत जुनी होती, त्यामुळें चौथ्या पानापुढील ओळी भिंगानें वाचाव्या लागतात. सध्यां मी त्या हातानें उतरून घेत आहें.