संगणकीय निर्देशन

संशोधनपर लेखनातील शब्द संगणकाने मोजून, पारखून त्यांतून विषयसूची तयार करण्याची पद्धत. आयबीएममधील हान्स पीटर लून हे तिचे एक आद्य प्रवर्तक. १९५८ मध्ये त्यांनी मांडलेला विचार साधा, पण विलक्षण होता: ‘आणि’, ‘हा’ यांसारखे पदोपदी येणारे शब्द विषय सांगत नाहीत, क्वचित डोकावणारेही नाहीत, विषय कळतो तो मधल्या वारंवारतेच्या शब्दांवरून. शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द अकारविल्हे लावणारी त्यांची ‘क्विक’ सूची १९६१ पासून ‘केमिकल टायटल्स’ या नियतकालिकाने छापली.

१९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी मोठीच भर घातली. संग्रहातील मोजक्याच लेखांत आढळणाऱ्या शब्दाला अधिक वजन द्यावे, हे त्यांचे सूत्र शोधयंत्रांच्या घडणीत पायाभूत ठरले.

नुसती मोजणी मात्र पुरत नाही. एक लेखक ‘हार्ट अटॅक’ लिहितो, दुसरा ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा ‘मेश’ हा नियंत्रित शब्दसंग्रह (१९६०) दोघांना एकाच मथळ्याखाली आणतो.

मराठीत पेच आणखी वेगळा. ‘पाणी’, ‘पाण्यात’, ‘पाण्याचा’ हे संगणकाच्या लेखी तीन निराळे शब्द. प्रत्यय सोडवून, सामान्यरूप ओळखून मूळ शब्द गाठल्याशिवाय मराठी लेखांची सूची बिनचूक होत नाही.