आखातातला पैसा घरी कसा पोचे

आखातात कमावलेला पैसा घरी पाठवताना एके काळी चलन बदलण्याची गरजच नव्हती. कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चालत असे. पण दुबईतून चोरट्या मार्गाने भारतात सोने येई आणि त्यापोटी बाहेर गेलेल्या नोटा फिरून रिझर्व्ह बँकेकडे आल्या की भारताला स्टर्लिंग मोजावे लागे. ही गळती रोखण्यासाठी १९५९ मध्ये खास आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या गेल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. जून १९६६ मध्ये अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा कतार आणि दुबईनेही रुपया सोडला.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि केरळ, गोव्याबरोबरच खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतूनही माणसे मोठ्या संख्येने आखातात गेली. पैसे पाठवण्याचा सरळ मार्ग बँकेच्या ड्राफ्टचा. तो टपालाने किंवा सुटीवर निघालेल्या गाववाल्याच्या हातून येई. ड्राफ्ट मुंबईच्या शाखेवरचा असला, की गावची बँक तो वसुलीसाठी मुंबईला धाडी. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी तो अडे. घरातल्या बाईचे खाते नसेल, तर आधी खाते उघडा, ओळख पटवायला साक्षीदार शोधा. तोवर घर उधारीवर.

या दिरंगाईवर हवाला फोफावला. दुबईत दिरहॅम द्यायचे, तिथून मुंबईला निरोप जायचा आणि माणूस रोकड घेऊन थेट दाराशी यायचा. भावही बँकेपेक्षा चढा मिळे, कारण सरकारी दर आणि बाजारातला दर यांत अंतर होते. मागचा हिशेब बऱ्याचदा सोन्याच्या तस्करीतून फिटे. १९७४ पासून अमलात आलेल्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, हा व्यवहार गुन्हा ठरत होता. तस्कराला चाप हवाच होता. पण घामाचा पैसा घरी धाडणाऱ्या मजुराला त्याच नजरेने पाहणे अन्यायाचे होते.

१९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तिथल्या दिनाराची किंमत कोसळली. विमानाने परत आणलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांपैकी अनेकांची बचत तिथल्या बँकांतच अडकली.

१९९० मध्येच सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये अनिवासी भारतीयांना सोने आणण्याची मुभा मिळाली आणि १९९३ मध्ये विनिमय दर बाजारावर सोपवला गेला. हवाल्याचा चढा भाव त्यामुळे ओसरला. २००० मध्ये ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ हा नवा कायदा आला आणि चलन नियमांचे उल्लंघन फौजदारीऐवजी दिवाणी स्वरूपाचे ठरू लागले. आज पैसा काही मिनिटांत खात्यात पडतो, पण शुल्क आणि विनिमय दरातली कपात थोडे पैसे पाठवणाऱ्याला अजूनही प्रमाणाबाहेर जड जाते. हे शुल्क २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. जगाची सरासरी अजून त्याच्या दुपटीच्या घरात आहे.