उपाधी, निवडणूक आणि लोकमान्यता : राधानगरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
सार्वत्रिक निवडणुकीनंतर राजकीय व्यक्तींना सरदारकी अथवा 'सर' हा किताब देण्याची प्रथा ब्रिटनमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. वसाहतकालीन भारतावरही तिची छाया पडली. कोल्हापूर संस्थानच्या इतिहासाच्या आधारे या प्रथेचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९१९ : दोन सन्मान :
डिसेंबर १९१८ च्या ब्रिटिश निवडणुकीनंतर पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी सत्येंद्रप्रसन्न सिंह यांना भारत खात्याचे उपमंत्री केले. ते संसदेचे सदस्य नसल्याने १९१९ मध्ये त्यांना 'बॅरन' ही सरदारकी देऊन उमरावांच्या सभागृहात बसविण्यात आले. तेथे १९१९ च्या भारत सरकार कायद्याचे विधेयक त्यांनीच मांडले. म्हणजेच मतदारांपर्यंत न जाता विधिमंडळात प्रवेश देणारे साधन म्हणून उपाधीचा उपयोग झाला. पुढे याच लॉइड जॉर्ज यांच्या कारकिर्दीत किताबांच्या विक्रीचे आरोप झाले आणि १९२५ मध्ये ब्रिटनला त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

त्याच वर्षी, एप्रिल १९१९ मध्ये, कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय समाजाच्या अधिवेशनात शाहू छत्रपतींना 'राजर्षी' ही पदवी अर्पण करण्यात आली. तत्पूर्वी शाहूंना १८९५ मध्ये जी.सी.एस.आय., १९०३ मध्ये जी.सी.व्ही.ओ. व १९११ मध्ये जी.सी.आय.ई. हे शाही किताब मिळालेले होते. त्यांनी ते नाकारले नाहीत. संस्थानिकाच्या दर्जासाठी त्यांचे मोल होतेच. मात्र आज जनमानसात टिकली ती 'राजर्षी' हीच पदवी. ती देणाऱ्यांजवळ ना तोफांची सलामी होती, ना सनद.

राधानगरीची साक्ष :
भोगावती नदीवर शाहूंनी हाती घेतलेले धरण त्यांच्या हयातीत अपुरे राहिले आणि स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले. वसाहतीला नाव मिळाले ते त्यांच्या कन्या राधाबाई यांचे. या पाण्यावर वाढलेल्या पिढ्यांनी शाहूंना ओळखले ते कार्यावरून. किताबांची आद्याक्षरे केवळ दप्तरात राहिली.

स्वातंत्र्योत्तर भूमिका :
संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी व विद्याविषयक मानचिन्हे वगळता किताब रद्द केले. १९५४ मध्ये भारतरत्न व पद्म सन्मान सुरू झाले. १९७७ च्या निवडणुकीनंतर जनता सरकारने ते बंद केले, तर १९८० च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा सुरू झाले. संविधान सभेचे सदस्य राहिलेले कोल्हापूर जिल्ह्यातील रत्नाप्पा कुंभार यांना १९८५ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला.

निष्कर्ष :
सन्मान देणे हा दोष नव्हे. सन्मानातून सत्तेचे आसन मिळू लागले, किंवा सत्ताबदलाबरोबर सन्मानाचे अस्तित्वच डळमळू लागले, की तो राजकीय व्यवहार ठरतो. सिंह यांच्या सरदारकीत पहिला धोका दिसतो, १९७७ व १९८० च्या निर्णयांत दुसरा. उपाधी शासन देऊ शकते, परंतु ती टिकवायची की विसरायची हे अखेर लोकच ठरवितात, हे कोल्हापूरच्या इतिहासावरून स्पष्ट होते.